विचारण्यात लाज कसली?

रात्रीच्या वर्गात एक गोष्ट नेहमी दिसते. शिकवून झाले की गुरुजी विचारतात, "समजलं का?" सगळे एका सुरात म्हणतात, "समजलं." मग वर्ग सुटतो. पायरीवर चपला घालता घालता एकजण दुसऱ्याला हळूच विचारतो, "का रे, ते शेवटचं काय सांगितलं गुरुजींनी?" दुसरा म्हणतो, "मला तरी कुठं कळलं!"

असे का होते? न समजल्याबद्दल वर्गात कोणी रागावत नाही. दंडही होत नाही. तरी माणूस गप्प बसतो. त्याला वाटते, विचारले तर चारचौघांत हसे होईल. लोक म्हणतील, एवढा बाप्या झाला, नातवंडे झाली, तरी याला एवढे कळत नाही!

लहान मूल असे करीत नाही. चार वर्षांचे पोर दिवसभर विचारीत असते. चंद्र आपल्याबरोबर का चालतो? मीठ पाण्यात कुठं गेलं? म्हैस काळी, मग दूध पांढरं कसं? त्याला कोणी शिकवलेले नसते. भूक लागावी तसे त्याला प्रश्न पडतात. पण आपण मोठी माणसे कामात असतो. आपण म्हणतो, "गप बस, लई शहाणा झालास." कोणी म्हणतो, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." पोराने गप्प बसावे, सुनेने विचारू नये, गड्याने सांगितले तेवढे करावे, अशी घरोघरची रीत. हे ऐकत ऐकत माणूस मोठा होतो. मग कोणी कागद पुढे करून म्हणतो, "लाव अंगठा," की हा अंगठा लावतो. कागदात काय आहे ते विचारत नाही. जमीन गेल्यावर, व्याज दुप्पट झाल्यावर कळते. पण तेव्हा कळून काय उपयोग?

म्हणून आजच्या पाठात आपण या विचारण्याच्या गुणाबद्दल वाचू.

जाणून घेण्याची जी ओढ असते तिला कुतूहल म्हणतात. पुस्तकांत तिला जिज्ञासा असेही म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे. जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा.

येथे एक फरक नीट लक्षात घ्या. शेजाऱ्याकडे पाहुणा कोण आला, त्याच्या सुनेला माहेराहून काय आले, नवरा-बायको कशावरून भांडली, याची चौकशी करणे ही जिज्ञासा नव्हे. तो भोचकपणा. भोचक माणसाला दुसऱ्याचे गुपित हवे असते. जिज्ञासू माणसाला गोष्टीचे कारण हवे असते. भोचकपणाने भांडणे लागतात. जिज्ञासेने काय होते, ते आता तीन माणसांच्या हकिकतींवरून पाहू. तिघेही खरेच होऊन गेले.

कापड दुकानदार

युरोपात हॉलंड नावाचा मुलूख आहे. तेथील डेल्फ्ट या गावी १६३२ साली अंतोनी लेव्हेनहूक यांचा जन्म झाला. त्यांचे कापडाचे दुकान होते. ते कॉलेजात गेले नव्हते. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन होती. ती त्यांना येत नव्हती. त्यांना आपली मायबोली तेवढी येत होती.

कापडाचा सूत बारीक की जाडा, हे पाहण्यासाठी त्या वेळचे व्यापारी भिंग वापरीत. भिंग म्हणजे वस्तू मोठी दाखवणारी काच. लेव्हेनहूक यांना भिंगाचा नाद लागला. ते स्वतः काच घासून बारीक बारीक भिंगे करू लागले. त्यांचे चांगले भिंग वस्तू दोनशेपटींहून मोठी दाखवी. मग जे हाताला लागेल ते पाहायचे. मधमाशीची नांगी पाहिली. उवा पाहिल्या. तळ्यातले पाणी पाहिले. दातांवरचा मळसुद्धा खरवडून पाहिला.

आणि काय आश्चर्य! पाण्याच्या एका थेंबात असंख्य लहान जीव वळवळत होते. तोवर ते कोणी पाहिले नव्हते. १६७६ साली त्यांनी हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. ही शास्त्रज्ञांची मोठी संस्था. पत्र लिहिले ते आपल्या मायबोलीतच. तेथील विद्वानांना ते खरे वाटेना. पण त्यांनी ते हसण्यावारी नेले नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतः भिंगातून पाहून खात्री करून घेतली. १६८० साली त्याच संस्थेने या कापड दुकानदाराला आपला सभासद करून घेतले. लेव्हेनहूक १७२३ साली नव्वदाव्या वर्षी वारले. अखेरपर्यंत त्यांचे पाहणे आणि कळविणे चालू होते.

त्यांच्यापाशी पदवी नव्हती. पण 'हे जवळून पाहिले तर कसे दिसेल?' हा एक प्रश्न होता, आणि तो त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही.

पंपाचा दांडा

पाण्यात जीव असतात हे कळले. पण त्यांतले काही माणसाला मारतात, हे कळायला पुढे दोनशे वर्षे लागली. त्यात एका डॉक्टरच्या विचारपुशीचा मोठा वाटा आहे.

पटकी हा रोग आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. त्याला कॉलरा असेही म्हणतात. पूर्वी पटकीच्या साथीत घरेच्या घरे ओस पडत. लोक म्हणत, मरीआईचा कोप झाला. मग मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडीत. देवीला हात जोडण्यात काही वाईट नाही. पण हात जोडून लोक पाणी मात्र त्याच विहिरीचे पीत.

युरोपातले लोकही काही निराळे नव्हते. तेथील शिकलेले लोक म्हणत, घाणीच्या वासाने हवा बिघडते आणि त्या हवेने पटकी होते. मोठमोठे डॉक्टरही हेच म्हणत.

जॉन स्नो यांना हे पटेना. ते यॉर्क गावातल्या एका मजुराचे मुलगे. शिकून लंडनमध्ये डॉक्टर झाले होते. त्यांनी मनाशी विचार केला. रोग हवेतून येत असेल तर आधी छाती बिघडायला हवी. येथे तर पहिल्यापासून पोट बिघडते. म्हणजे विष तोंडावाटे पोटात जात असावे. मग ते पाण्यातून तर जात नसेल?

१८५४ साली ऑगस्टच्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. ब्रॉड स्ट्रीट नावाच्या एका रस्त्याच्या आसपास दहा दिवसांत पाचशेंहून अधिक माणसे दगावली. लोक घरे सोडून पळत होते. स्नो मात्र त्या वस्तीत शिरले. मेलेल्यांची यादी त्यांनी सरकारी कचेरीतून घेतली आणि ते घरोघर फिरू लागले. प्रत्येक घरी एकच प्रश्न: "तुम्ही पाणी कुठले पीत होता?"

बहुतेक मेलेली माणसे ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाजवळ राहणारी होती. दहा मृत्यू मात्र दुसऱ्या पंपांजवळच्या घरांत झाले होते. दुसरा एखादा म्हणाला असता, "दहांनी काय होते?" स्नो त्या घरीही गेले. तेव्हा कळले की त्यांतल्या पाच घरचे लोक मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटचे पाणी आणीत. त्यांना तेच पाणी आवडे. आणखी तीन मृत्यू मुलांचे होते. ती मुले त्या पंपाजवळच्या शाळेत जात.

मग त्यांनी उलटा प्रश्न विचारला. पंपाजवळ राहूनही जी माणसे मेली नाहीत, ती का वाचली? जवळच गरिबांना ठेवण्याचे एक मोठे घर होते. तेथे ५३५ माणसे राहत. त्यांतली पाचच दगावली. त्या घराची विहीर स्वतंत्र होती. पंपाला लागूनच दारूचा एक कारखाना होता. तेथे सत्तरांहून अधिक कामगार होते. त्यांतला एकही पटकीने मेला नाही. ते कामगार कारखान्यातली बिअर पीत, आणि कारखान्याला स्वतःची विहीरही होती. पंपाचे पाणी ते घेतच नसत.

तिसरी गोष्ट तर विलक्षण. दूरच्या हॅम्पस्टेड भागात एक विधवा बाई पटकीने मेली. तिच्या आसपास साथ नव्हती. चौकशी केल्यावर कळले की ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहत असे. तेथल्या पाण्याची चव तिला आवडे, म्हणून ती रोज तेथून बाटलीभर पाणी मागवी.

आता काय उरले? ७ सप्टेंबरला स्नो यांनी ही सगळी हकिकत त्या भागाच्या पंचांपुढे मांडली. दुसऱ्या दिवशी, ८ सप्टेंबरला, पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ त्याआधीच ओसरू लागली होती, हेही सांगितले पाहिजे. पण पुन्हा तेच पाणी पिऊन ती उसळण्याचे भय गेले.

याच्यापुढची गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. त्या वस्तीत हेन्री व्हाइटहेड नावाचे एक तरुण धर्मोपदेशक होते. त्यांना स्नो यांचे म्हणणे खोटे वाटत होते. ते खोडून काढावे म्हणून त्यांनी स्वतः घरोघर चौकशी सुरू केली. जो तो घरमालक त्यांच्या ओळखीचा. जसजशी चौकशी झाली, तसतसे त्यांना उलटेच दिसू लागले. स्नो यांचे खरे होते! व्हाइटहेड यांनी आपला हट्ट सोडला. साथीच्या सुरुवातीला पंपासमोरच्या घरात एक तान्हे मूल आजारी पडले होते. त्याचे दुपटे धुतलेले पाणी घरापुढच्या शौचकुंडात ओतले जाई, हे त्यांनीच शोधून काढले. मग जमीन खणून पाहिली. शौचकुंड विहिरीपासून तीनएक फुटांवर होते. त्याच्या विटा ढिल्या झाल्या होत्या. घाण झिरपत विहिरीत जात होती.

आणि ते पाणी दिसायला कसे होते? चांगले स्वच्छ होते. स्नो यांनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांनाही त्यात फारसे काही वावगे दिसले नव्हते. नितळ दिसते ते पाणी चांगले, असे आपण म्हणतो. ते किती फसवे आहे पाहा.

स्नो १८५८ साली वारले. त्यांच्या हयातीत बहुतेकांना त्यांचे म्हणणे पटले नाही. पुढे १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्याला रोग्यांची आणि तेथील एका तलावाची तपासणी करून पटकीचे जंतू दाखवून दिले. आज आपण विहिरीत औषध टाकतो, पाणी उकळतो, त्यामागे अशा माणसांची विचारपूस आहे.

तीन पिवळ्या लोंब्या

कोणी म्हणेल, हे लोक परदेशातले, आणि जुन्या काळचे. म्हणून तिसरी हकिकत आपल्या महाराष्ट्रातली आणि आपल्याच काळातली सांगतो.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे लहान खेडे आहे. मराठवाड्यातले नांदेड शहर निराळे. या खेड्यात दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी राहत. जमीन थोडी, शिक्षण तिसरीपर्यंत. धानाची शेती करावी आणि पोट भरावे, असा त्यांचा संसार.

१९८३ साली त्यांच्या बांधीत 'पटेल ३' जातीचे धान उभे होते. फिरता फिरता त्यांना तीन लोंब्या निराळ्या दिसल्या. दाणे पिवळसर होते. आपल्या शेतातही असे एखादे निराळे झाड कधी दिसते. आपण काय करतो? उपटून टाकतो, नाहीतर सगळ्यांबरोबर कापतो. दादाजींनी तसे केले नाही. त्यांना प्रश्न पडला, ही लोंबी निराळी का? हिचे बी पेरले तर काय येईल?

त्यांनी त्या लोंब्या वेगळ्या काढून जपून ठेवल्या. पुढच्या हंगामात ते दाणे निराळे पेरले. आले ते पीक पाहिले, त्यातले चांगले निवडले, पुन्हा पेरले. असे वर्षामागून वर्षे चालले. अखेर एक बारीक, चवीला चांगला आणि भरपूर उतारा देणारा तांदूळ हाती आला. त्या काळी एचएमटीचे घड्याळ मनगटावर असणे ही मोठी ऐट होती. त्यावरून या तांदळाला एचएमटी नाव पडले. बाजारात आपण 'एचएमटी तांदूळ' मागतो तो हाच. दादाजींनी धानाच्या आणखीही काही जाती शोधल्या. एकीचे नाव डीआरके. ही त्यांच्याच नावाची इंग्रजी आद्याक्षरे.

२००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१८ साली ते वारले. आयुष्यभर पैसा त्यांच्या हाती फारसा लागला नाही, हे दुःखाने लिहावे लागते. कुतूहलाने माणूस श्रीमंत होतोच असे नाही. पण तिसरी शिकलेल्या एका माणसाच्या प्रश्नामुळे हजारो शेतकऱ्यांच्या शेतात चांगले पीक आले आणि लाखो ताटांत चांगला भात पडला.

आपण काय घ्यावे?

दुकानदार, डॉक्टर आणि शेतकरी, या तिघांत सारखे काय आहे? प्रश्न तिघांनाही पडला. पण प्रश्न पडून ते थांबले नाहीत. एकाने जवळून पाहिले. दुसऱ्याने घरोघर विचारले. तिसऱ्याने पेरून पाहिले. प्रश्न पडणे हे बी आहे. पाहणे, विचारणे आणि पडताळणे ही मशागत आहे. नुसते बी मुठीत धरून पीक येत नाही.

जो पडताळत नाही, तो लवकर फसतो. हल्ली मोबाइलवर नाना तऱ्हेचे निरोप येतात. अमुक मुळीने मधुमेह बरा होतो. तमुक ठिकाणी पोरे पळवणारी टोळी आली. वाचले की आपण पुढे ढकलतो. ढकलण्याआधी स्वतःला विचारावे: हे कोणी पाहिले? कोठे घडले? सांगणाऱ्याला कसे कळले? उत्तर मिळाले नाही तर तो निरोप आपल्यापाशीच थांबवावा. अशा खोट्या निरोपांपायी निरपराध माणसांचे जीव गेले आहेत.

आणि विचारण्याचा आपल्याला हक्कही आहे. २००५ साली देशात माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. महाराष्ट्रात तर २००२ सालीच तसा कायदा झाला होता. गावच्या रस्त्याला किती पैसे आले आणि किती लागले, हे कोणीही साध्या कागदावर अर्ज करून विचारू शकतो. अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही लागत नाहीत. साधारणपणे तीस दिवसांच्या आत उत्तर द्यावे लागते. अर्ज का केला, हे सांगण्याची सक्ती नाही.

पण सगळेच प्रश्न अर्ज करून विचारायचे नसतात. दवाखान्यात विचारावे, "डॉक्टरसाहेब, ही गोळी कशाची? किती दिवस घ्यायची?" बँकेत विचारावे, "व्याज वर्षाला किती? एकूण फेडायचे किती?" कागद पुढे आला तर म्हणावे, "आधी वाचतो, मग सही करतो." समोरचा जरा वैतागेल. वैतागू द्या. त्याचा वैताग घटकेचा असतो, आपले नुकसान जन्माचे असते.

आम्ही शाळेत पुष्कळ वर्षे काढली. आमचा अनुभव असा की, जे मूल विचारते त्याच्यामुळे चार न विचारणारी मुलेही शिकतात. एकाने हात वर केला की गुरुजी पुन्हा सांगतात आणि सगळा वर्ग ऐकतो. मोठ्यांच्या वर्गातही हेच खरे आहे. तुम्हांला जे समजले नाही, ते शेजारच्यालाही समजलेले नसेल. तुम्ही विचारले तर त्याचेही काम होईल.

घरी पोराने प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नका. उत्तर ठाऊक असेल तर सांगा. नसेल तर सरळ म्हणा, "बाळा, मला ठाऊक नाही. चल, दोघे मिळून शोधू." यात बापाचा मान जात नाही, की आईचा जात नाही. पोर मात्र जन्मभराचा एक धडा शिकते.

तुम्ही अक्षरे शिकलात. आता पाटी वाचता, पत्र वाचता, औषधाच्या पुडीवरची तारीख वाचता. वाचताना जेथे अडेल तेथे थांबा आणि विचारा. आज रात्रीच्या वर्गातच सुरुवात करा.

अभ्यास

१. भोचकपणा आणि जिज्ञासा यांत फरक काय? आपल्या गावातले एकेक उदाहरण सांगा.

२. ब्रॉड स्ट्रीटजवळ राहूनही दारूच्या कारखान्यातले कामगार पटकीने का मेले नाहीत?

३. व्हाइटहेड यांना स्नो यांचे म्हणणे आधी पटले नव्हते. मग ते कसे पटले?

४. तुम्ही पिता ते पाणी कोठून येते? त्या विहिरीपासून किंवा बोअरपासून सर्वांत जवळचा संडासाचा खड्डा किती पावलांवर आहे? उद्या मोजून या.

५. विहिरीत किंवा टाकीत पावडर कोण टाकते, आणि शेवटची कधी टाकली? ग्रामपंचायतीत विचारा आणि मिळालेले उत्तर वहीत लिहा.

६. 'मला हे समजले नाही' असे या आठवड्यात एकदा तरी सर्वांसमोर म्हणा. काय झाले ते पुढच्या वर्गात सांगा.